वेगाचा दंड आणि आपली ‘ओळख’

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण. अनेक सभासदांच्या इच्छेवरून येथे दिले आहे.)



चिटणीस महाशयांनी मला या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी शिक्षणाच्या महत्त्वावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. छत्तीस वर्षे खडूची धूळ अंगावर घेतलेल्या प्राथमिक शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा तरी कोणती करणार? परंतु मी त्यांची क्षमा मागून विषय बदलून घेतला. मर्यादेपेक्षा अधिक वेगाने वाहन चालविताना एखादा मनुष्य पकडला गेला, म्हणजे पुढे त्याचे काय होते, हा आजचा माझा विषय आहे. तो ऐकून मागच्या रांगेत काही चेहऱ्यांवर हसू उमटलेले मला दिसत आहे. वर्गात मागच्या बाकावरचे हसू ओळखण्याची सवय अजून गेलेली नाही!

मी वकील नाही. जुन्या अकरावीचा मी मॅट्रिक. कायद्यातील कलमे मला वाचून, पुन्हा वाचून आणि जाणत्यांना विचारून समजून घ्यावी लागली. तथापि, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपल्याकडे म्हण आहे. या बाबतीत पुढचा मी आहे आणि ठेच मला लागलेली आहे. तेवढ्याच अधिकाराने मी बोलतो.

गेल्या वैशाखात आमच्या नात्यातील एका मुलीचे लग्न पुण्यास होते. आम्ही साताऱ्याकडून निघालो. गाडी माझ्या नावावर आहे; चालवीत होता माझा मुलगा. निघण्यास उशीर झाला, कारण आहेराची पिशवी घरी राहिली आणि अर्ध्या वाटेवरून परतावे लागले. पुढे महामार्ग मोकळा मिळाला. आम्ही मुहूर्तास पोहोचलो, अक्षता टाकल्या, पंगतीस बसलो आणि सायंकाळी सुखरूप घरी आलो. चार दिवसांनी माझ्या मोबाईलवर संदेश आला. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, आपले वाहन मर्यादेपेक्षा अधिक वेगाने धावत होते, सबब दोन हजार रुपये दंड. वाहतूक विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहिले, तर आमच्या गाडीचे छायाचित्र, वेळ आणि वेग सारे काही तेथे होते. फलकावरील मर्यादेपेक्षा तेवीस किलोमीटर अधिक!

त्या सायंकाळी घरात जे संभाषण झाले, ते आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी झालेले असेल. एकाने सांगितले, “संदेश खोटा असेल, दुर्लक्ष करा.” दुसऱ्याने सल्ला दिला, “एवढ्यात भरू नका, पुढे लोकअदालतीत कमी होते.” आणि तिसऱ्याने, तो आपल्याच ज्ञातीतला, मोठ्या मायेने म्हटले, “गुरुजी, त्या खात्यात आपला माणूस आहे. एक फोन करतो.” या तिसऱ्या वाक्यासाठीच मी आज उभा आहे. परंतु तेथे येण्यापूर्वी, पहिल्या दोघांना उत्तर देता येईल इतकी माहिती आपणांस देणे माझे कर्तव्य आहे.

आपल्या देशात सध्या लागू असलेला मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला. वेगमर्यादा पाळण्याचे बंधन त्याच्या ११२ व्या कलमात आहे आणि ती मोडल्याची शिक्षा १८३ व्या कलमात आहे. पूर्वी पहिल्या वेळी हा दंड जास्तीत जास्त चारशे रुपये होता. २०१९ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. आता हलक्या मोटार वाहनास कमीत कमी एक हजार व जास्तीत जास्त दोन हजार, आणि मध्यम व जड प्रवासी अथवा मालवाहू वाहनास दोन ते चार हजार रुपये असा दंड आहे. आपल्या राज्यात वाढीव तडजोड-रकमा डिसेंबर २०२१ पासून लागू झाल्या.

पकडले जाण्याचे प्रकार दोन. पहिला प्रकार रस्त्यावर अडविले जाण्याचा. पोलिसांचे वाहन उभे असते, त्यात वेग मोजणारे यंत्र असते. ज्याला आपली मुले स्पीड गन म्हणतात. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास परवाना दाखविणे हे आपले कर्तव्य आहे. गाडीचे नोंदणीपत्र, विमा व प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र हीही जवळ असावीत. ही कागदपत्रे मोबाईलमधील डिजिलॉकरमधून दाखविली तरी चालतात. तशी तरतूद केंद्रीय नियमांत २०१८ मध्येच झाली आहे. अशा वेळी आवाज चढवू नये. कायदेशीर आज्ञा हेतुपुरस्सर न पाळल्यास १७९ व्या कलमाखाली दोन हजारांपर्यंत वेगळा दंड आहे. मग चलन निघते. ते तेथेच भरता येते, नंतरही भरता येते. मात्र पावतीवाचून एक रुपयाही हातातून सोडू नये. पावती नसलेला पैसा हा दंड होत नाही. तो देणाराही तितकाच दोषी असतो, हे विसरू नये.

दुसरा प्रकार कॅमेऱ्याचा. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी यंत्रणा सुरू झाली आहे, इतर महामार्गांवर आणि शहरांतही कॅमेरे आहेत. येथे आपणांस कोणी अडवीत नाही, कोणी शिट्टी वाजवीत नाही. नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाईलवर सूचना येते, आणि ती गाडीच्या मालकाच्या नावाने येते. यासंबंधी केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केले. जेथे यंत्र आहे, त्या पट्ट्याच्या आधी तशी सूचना देणारा ठळक फलक असला पाहिजे; यंत्रास मान्यतेचे प्रमाणपत्र असले पाहिजे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण झाले पाहिजे; गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठविली पाहिजे; आणि तीत गाडीचा क्रमांक दिसणारे छायाचित्र, मोजलेला वेग, तारीख, वेळ व ठिकाण हे सारे असले पाहिजे. १८३ व्या कलमातच आणखी एक संरक्षण आहे. ‘मला याचा वेग फार वाटला’ एवढ्या एकाच साक्षीदाराच्या मतावर कोणास दोषी ठरविता येत नाही. त्या मताला यांत्रिक अथवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या मोजणीचा आधार लागतो. कायद्याने दंड वाढविला, तसा नागरिकाचा हक्कही लिहून ठेवला आहे. आपण मात्र पहिला भाग लक्षात ठेवतो आणि दुसरा वाचतच नाही.

आता ‘संदेश खोटा असेल’ या सल्ल्याविषयी. अलीकडे चलनाच्या नावाने खरोखरच खोटे संदेश येतात. त्यातील दुव्याला हात लावला, अथवा सोबत आलेली फाईल उघडली, की मोबाईल दुसऱ्याच्या ताब्यात जातो आणि बँकेतील पैसे नाहीसे होतात. आपल्या वृद्ध सभासदांनी याविषयी फार सावध असावे. संदेशातील दुवा उघडू नये. आपण स्वतः वाहतूक विभागाच्या संकेतस्थळावर अथवा अधिकृत ॲपवर जाऊन, आपल्या गाडीचा क्रमांक घालून पाहावे. चलन खरे असेल तर तेथे छायाचित्रासह दिसेल. दिसले नाही तर संदेश खोटा.

‘थांबा, पुढे कमी होईल’ या दुसऱ्या सल्ल्याविषयी एवढेच म्हणतो, की लोकअदालत हा कायदेशीर मार्ग आहे आणि ज्याची खरोखर अडचण आहे त्याने तेथे अवश्य जावे. परंतु न भरलेले चलन वाहनाच्या नोंदीवर तसेच राहते. ते न्यायालयाकडे जाते. गाडी विकताना, नावावर करताना ते आडवे येते. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी चार वर्षांत साठलेली चलने जुनी मोटार विकण्याच्या दिवशी प्रथम पाहिली, आणि ठरलेल्या किमतीतला मोठा वाटा त्यांतच गेला.

चलन चुकीचे असेल, तर? कधी क्रमांक चुकीचा वाचला जातो, कधी दुसऱ्याच कोणी आपला क्रमांक आपल्या गाडीला लावलेला असतो. अशा वेळी छायाचित्र नीट पाहावे, गाडीचा रंग व बनावट ताडून पाहावी, आणि त्याच अधिकृत ठिकाणी लेखी तक्रार नोंदवावी. समाधान न झाल्यास न्यायालयात आपले म्हणणे मांडावे. दंड चुकीचा असेल तर न भिता लढावे. बरोबर असेल तर न कुरकुरता भरावा. सरळ माणसाला हे दोनच मार्ग आहेत.

पैशाचा दंड हा या प्रकरणातील सर्वांत लहान भाग आहे. १८३ व्या कलमाखाली दुसऱ्यांदा अथवा त्यानंतर सापडल्यास परवाना काढून घेतला जातो व पुढील कारवाईसाठी परिवहन कार्यालयाकडे पाठविला जातो. त्याची पोच मिळते, परंतु ती पोच म्हणजे गाडी चालविण्याची अनुज्ञा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना कळविले होते, की अतिवेग, लाल दिवा ओलांडणे, मद्यपान करून वाहन चालविणे अशा गुन्ह्यांत परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. निलंबनानंतर उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते, आणि परवाना नसलेल्या काळात गाडी चालविली तर तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आपल्या ज्ञातीतील कितीतरी तरुण टेम्पो, टॅक्सी, ट्रक चालवून कुटुंब पोसतात. त्यांच्या बाबतीत परवान्याचे तीन महिने म्हणजे चुलीचे तीन महिने होत. आणि येथे जे वाहनमालक बसले आहेत त्यांनीही ऐकावे : आपल्या नोकराला ‘सकाळपर्यंत माल पोहोचलाच पाहिजे’ असे बजावून मर्यादेबाहेर गाडी हाकावयास लावणारा मालकही त्याच कलमाखाली दोषी ठरतो.

याच्याही पुढची पायरी आहे. केवळ वेग नव्हे, तर चालविण्याची रीतच धोकादायक ठरली, म्हणजे उलट दिशेने जाणे, लाल दिवा ओलांडणे, हातात मोबाईल धरणे, तर १८४ वे कलम लागते. त्यात पहिल्याच वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगितले आहेत. आणि त्या वेगात कोणाचा प्राण गेला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती.

विद्यार्थिमित्रांनो, आता तुमच्यासाठी एक उदाहरण. शंभर किलोमीटरचे अंतर ताशी ऐंशीच्या वेगाने तोडण्यास पंचाहत्तर मिनिटे लागतात. तेच ताशी शंभरच्या वेगाने साठ मिनिटांत तुटते. बचत पंधरा मिनिटांची. तीही रस्ता संपूर्ण मोकळा असेल आणि टोलनाक्यावर कोणी पुढे नसेल तर. आता वहीची दुसरी बाजू पाहा. ताशी साठच्या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते, ताशी शंभरच्या वेगात सुमारे अठ्ठावीस मीटर. समोर मूल आले हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. त्या एका सेकंदात गाडी आमच्या शाळेच्या वर्गाच्या तिप्पट लांबी ओलांडते, आणि ब्रेक लागण्यास अजून सुरुवातही झालेली नसते! शिवाय वेग दुप्पट झाला म्हणजे आघाताची शक्ती दुप्पट होत नाही, चौपट होते. हे विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही पाठ केले आहे आणि परीक्षेत लिहून गुणही मिळविले आहेत. रस्त्यावर मात्र ते विसरले जाते. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले.

आता मी त्या तिसऱ्या वाक्याकडे येतो. ‘आपला माणूस आहे, एक फोन करतो.’

आपले मंडळ कशासाठी स्थापन झाले? परगावी शिकणाऱ्या मुलाला निवारा मिळावा, विधवा भगिनीला आधार मिळावा, विवाह जुळावेत, आजारपणात कोणी तरी धावून यावे, यासाठी. एकमेकांची ओळख हे आपले धन आहे. परंतु धन जसे सत्पात्री लागते तसे कुपात्रीही लागते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो. आजपर्यंत ही गोष्ट मी घराबाहेर कोठे सांगितलेली नाही.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझा एक जुना विद्यार्थी, आपल्यापैकीच एका घरचा, हुशार, लाघवी, नुकतीच नवी मोटारसायकल घेतलेला. तो वेगात गाडी चालविताना पकडला गेला. एकदा दंड भरून सुटला. दुसऱ्यांदा पकडला गेला तेव्हा त्याचे वडील सायंकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसले. “गुरुजी, पोराच्या नोकरीचं चाललंय. कागदावर काही राहायला नको. तुमचा शब्द कोणी मोडणार नाही. एवढा एक फोन करा.” मी थोडा वेळ नाही म्हटले. मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मी फोन केला. समोरचे गृहस्थ भले होते. ओळखीचा मान राखला गेला. मुलाला समज देऊन सोडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून पेढे आले. ते मी खाल्ले, आणि आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो असे समाधानही मानले.

आठ महिन्यांनी त्याच मोटारसायकलीखाली पहाटे दूध घालून सायकलीवरून परतणारा एक मनुष्य आला. प्राण वाचला, पण उजवा पाय गेल्यासारखाच झाला. आज तो काठी घेऊन चालतो. दुधाचा धंदा त्याला सोडावा लागला, आणि त्याच्या थोरल्या मुलाची शाळा दहावीआधीच सुटली. तो मुलगा आमच्याच शाळेतला होता. त्याचा दाखला मी माझ्या हाताने लिहिला आहे. माझ्या विद्यार्थ्यावर खटला झाला. तारखांमागून तारखा, वर्षांमागून वर्षे. ज्या नोकरीसाठी कागद कोरा राहावा म्हणून फोन केला होता, त्या नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत हाच खटला पुढे आला आणि नोकरी गेली.

त्या दिवशी त्याचा परवाना तीन महिने जप्त झाला असता तर हा अपघात टळलाच असता, असे मी म्हणत नाही. ते कोणालाही सांगता येणार नाही. परंतु ‘आपल्याला कोणी तरी सोडवील’ हा धडा त्याला मिळाला, आणि तो देणारा त्याचा शिक्षक होता, एवढे मला निश्चित सांगता येते. छत्तीस वर्षांत मी अनेक मुलांना शिक्षा केल्या. त्यांतील काही अनावश्यकही असतील. परंतु माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक ही मी टाळू दिलेल्या शिक्षेची आहे.

म्हणून गेल्या वैशाखात जेव्हा तोच मायेचा शब्द माझ्यासाठी उच्चारला गेला, तेव्हा मी हात जोडले. मुलगा म्हणाला, “अण्णा, चलन तुमच्या नावावर आलंय, पण गाडी मी चालवत होतो. पैसे मी भरतो.” मला बरे वाटले. कायद्यानेही, विचारले असता चालकाचे नाव सांगणे हे मालकाचे कर्तव्यच आहे. परंतु रात्री अंथरुणावर पडल्यावर मला आठवले, की त्या प्रवासात डाव्या बाजूला बसून दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहणारा आणि “मुहूर्त चुकतो की काय” असे म्हणणारा मीच होतो. वेग त्याच्या पायात होता, पण घाई माझ्या तोंडात होती. सकाळी उठून मी निम्मे पैसे त्याच्या हातावर ठेवले. तो घेईना, मी ते घ्यावयास लावले.

आता पालकांसाठी एक विनंती, कारण आज येथे दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींचा सत्कार आहे. या यशाचे बक्षीस म्हणून सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती मोटारसायकलची किल्ली देण्याची रीत आपल्यात पडू लागली आहे. कौतुक मला समजते. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने १९९-अ हे कलम आले आहे, ते आपण जाणून घ्या. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक अथवा वाहनाचा मालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘मला ठाऊक नव्हते’ किंवा ‘मी पुरेशी काळजी घेतली होती’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी पालकावरच आहे. ज्याने स्वतः पेढ्यांसह किल्ली दिली, तो हे कसे सिद्ध करणार? शिकाऊ परवाना घेऊन, त्यास मुभा असलेलेच वाहन चालविणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो केवळ पन्नास सी. सी. पर्यंतच्या, गिअर नसलेल्या दुचाकीचा. बाकी सर्वांसाठी अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबणे हाच मार्ग आहे. तोपर्यंत मुलाला सायकल द्या, पुस्तके द्या. आणि तेही नको असेल तर, आम्ही लहानपणी घेत होतो तशी, पाठीवर एक थाप द्या.

अध्यक्षमहाशय, शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली सूचना अशी, की आपल्या मंडळाच्या कोणत्याही पदाधिकाऱ्याने अथवा सभासदाने, वाहतुकीच्या गुन्ह्यातून कोणासही सोडविण्यासाठी आपल्या पदाचा, नात्याचा अथवा ओळखीचा उपयोग करू नये, असा ठराव कार्यकारी मंडळाने करावा. शासकीय सेवेत असलेल्या आपल्या बांधवांवर हा मोठा उपकार होईल. ‘आपला माणूस’ म्हणून आपण त्यांच्याकडे जातो, तेव्हा त्यांना आपण नोकरी आणि नाते यांच्या कात्रीत धरतो, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

दुसरी सूचना. ओळखीचा उपयोग करू नये म्हणजे मदत करू नये, असे नव्हे. ज्यांना मोबाईलवरील सूचना वाचता येत नाही, खरी-खोटी कळत नाही, चुकीच्या चलनाची तक्रार कशी लिहावी ते समजत नाही, लोकअदालतीत कोणती कागदपत्रे न्यावीत हे ठाऊक नाही, अशा सभासदांसाठी मंडळाच्या कार्यालयात दर रविवारी सकाळी एक तास कोणी तरी बसावे. आपल्यातील तरुण वकिलांनी व शिक्षित मुलांनी पाळीपाळीने हे काम घ्यावे. अक्षरे जुळवून देण्याच्या कामास मीही येईन. निवृत्त मास्तराकडे वेळ भरपूर असतो. आणि अपघातात जखमी झालेल्या कोणाही मनुष्यासाठी, तो कोणत्याही ज्ञातीचा असो, मदतनिधीतून औषधोपचारास काही रक्कम राखून ठेवावी.

तिसरी सूचना अगदी लहान, पण माझ्या मते सर्वांत उपयोगाची. आपल्या लग्नपत्रिकांवर आपण मुहूर्त छापतो, ‘अगत्य येण्याचे करावे’ असे छापतो. त्याखाली यापुढे आणखी एक ओळ छापावी : ‘सावकाश यावे, उशीर झाल्यास आम्ही रागावणार नाही.’ वधूवरांच्या डोक्यावर पडलेली अक्षता वेळेवर पडली की पाच मिनिटे उशिरा, हे वर्षभराने कोणाच्याही लक्षात राहत नाही. पंगतीतली रिकामी राहिलेली जागा मात्र जन्मभर दिसते.

या सूचना मान्य करणे न करणे मंडळाच्या हाती आहे. माझ्यापुरता मी निश्चय केला आहे. माझ्या ओसरीवर कोणीही यावे, त्याला पाणी मिळेल, चहा मिळेल, अर्जाचा मजकूर मिळेल. फोन मिळणार नाही.

तो काठी टेकीत चालणारा गृहस्थ बाजाराच्या दिवशी मला अजून भेटतो. मी केलेल्या फोनविषयी त्याला काही ठाऊक नाही. तो थांबतो, “गुरुजी, बरं हाय ना?” असे विचारतो, आणि मी “बरं आहे” म्हणतो. आता हे भाषण छापले जाणार आहे, असे चिटणीस सांगतात. छापलेली प्रत घेऊन मी त्याच्या घरी जाईन आणि ही गोष्ट त्याला स्वतः वाचून दाखवीन, असे मी ठरविले आहे. तो काय म्हणेल ते ऐकून घेण्यास मी बांधलेला आहे. दंड भरावयाचा तर तो पावतीसह भरावा, असे मी मघाशी आपणांस सांगितले. तो नियम मलाही लागू आहे.

सत्कारमूर्ती विद्यार्थ्यांना माझे अंतःकरणपूर्वक आशीर्वाद. कार्यक्रम संपल्यावर घरी जाताना, बंधुभगिनींनो, कृपा करून सावकाश जा.